कार्यक्रमाच्या शूटिंगसाठी पहिला रेकॉर्डर

भावा, नवी लेन्स राहू दे, आधी आवाजाचं बघ. मोबाईलचा माईक स्वतःच आवाज वरखाली करत बसतो, म्हणजे तबल्याची थाप पडली की गाणं दबतंय आणि शांत आलापात पंख्याची घरघर वर येते. सुरुवातीला झूम एच१ एसेन्शियल नाहीतर टास्कॅम डीआर-०५एक्स, असला खिशात मावणारा रेकॉर्डर बास झाला, मिक्सर आणि चार माईक नंतर बघू.

झूम ३२ बिट फ्लोटवर चालतो, म्हणजे बारीक आणि मोठा दोन्ही आवाज एकाच वेळी नीट टिपतो, त्यामुळं लेव्हल (आवाज किती जोरात रेकॉर्ड करायचा ते) लावायची भानगडच नाही. टास्कॅमला मात्र ऑटो लेव्हल बंद कर आणि मोठ्यात मोठा आवाज मीटरवर -१२ डेसिबलच्या आसपास ठेव, एकदा आवाज फाटला की एडिटिंगमध्ये काय नीट होत नाही.

नवीन पोरं रेकॉर्डर कॅमेऱ्यावरच लावतात आणि शेवटच्या रांगेत उभी राहतात, तिथं नुसता हॉल घुमतोय. कोल्हापुरात देवल क्लबात गाण्याची बैठक असली तर आयोजकांना विचारून पुढं छोट्या स्टँडवर ठेव, फक्त स्पीकरच्या तोंडासमोर नको. दसरा चौकात उघड्यावर असलं तर वाऱ्याचा आवाज अडवायला माईकवर फोमची टोपी पाहिजेच.

कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्ही सुरू केल्यावर कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजव, नंतर जुळवायला सोपं जातंय. आणि सेलची नवी जोडी खिशात असू दे.