एल-जी फॉल्टला (एकच फेज जमिनीला लागला की) तिन्ही सिक्वेन्स इम्पिडन्स सिरीजमध्ये का येतात, आणि जमिनीचा रेझिस्टन्स तिप्पट का धरतात?

सूत्र पाठ करण्याआधी तुटून पडलेली तार डोळ्यांपुढे आणा. लातूर जिल्ह्यातल्या एका ३३/११ केव्ही सबस्टेशनवर असताना मी ती पुष्कळदा पाहिली.

समजा आर फेज जमिनीला लागला. फॉल्टच्या जागी वाय आणि बी कोरडेच, त्यांतून फॉल्टचा करंट शून्य. इंजिनियर फोर्टेस्क्यूनं १९१८ साली मांडलेल्या रीतीनं या तीन फेजच्या करंटचे तीन समतोल भाग पाडा, त्यांनाच सिक्वेन्स म्हणतात. पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, झिरो तिन्ही सारखे निघतात, प्रत्येकी फॉल्ट करंटचा एक तृतीयांश. तोच करंट तिघांतून गेला, म्हणजे सिरीज झालीच की.

आता तिप्पट. झिरो सिक्वेन्सचे तिन्ही फेजमधले करंट एकाच ठेक्यात चालतात, म्हणून जमिनीतून तिघांचा मिळून तिप्पट करंट परततो. आपण सर्किट काढतो एकाच फेजचं, त्यात करंट एकपट. ड्रॉप जुळवायचा तर रेझिस्टन्सच तिप्पट धरावा लागतो. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हची तिन्ही फेजमधली बेरीज शून्य, त्यांचा जमिनीशी संबंधच येत नाही.

पोरं खरी चुकतात ती ट्रान्सफॉर्मरपाशी. आमचा ३३ कडे डेल्टा, ११ कडे स्टार जोडणीचा, ११ केव्हीचा न्यूट्रल (स्टारचा मधला बिंदू) थेट अर्थ केलेला. ११ वर अर्थ फॉल्ट झाला की झिरो सिक्वेन्स करंट डेल्टाच्या आतच फिरतो, ३३ च्या लाईनवर येत नाही. तेव्हा झेड१ मध्ये (पॉझिटिव्हच्या इम्पिडन्समध्ये) मागची सगळी लाईन आणि ट्रान्सफॉर्मर मोजा, झेड० मध्ये (झिरोच्या) फक्त ट्रान्सफॉर्मर. त्यामुळे ११ च्या बसवर (सबस्टेशनमधल्या मुख्य पट्टीवर) एल-जी फॉल्टचा करंट थ्री-फेजपेक्षाही जास्त भरतो. फीडरवर (बसवरून बाहेर जाणाऱ्या लाईनवर) दूर गेलं की उलटं, कारण ओव्हरहेड लाईनचा झेड० झेड१ च्या साधारण दोन ते साडेतीन पट असतो.

आणि हे सगळं मे महिन्यात खडकाळ मुरमावर पार बदलतं. समजा तिथं तारेखाली २०० ओहम आहेत, म्हणजे सूत्रात ६००. त्यापुढं लाईनचे दहा-वीस ओहम काय करणार? फेजचे ६३५० व्होल्ट भागिले ६०० हा एका सिक्वेन्सचा करंट, फॉल्टचा त्याच्या तिप्पट, म्हणजे जेमतेम ३२ अँपियर. २०० अँपियरच्या सीटीवर (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) अर्थ फॉल्टची सेटिंग २० टक्के असेल तर रिले (फॉल्ट ओळखून फीडर ट्रिप करणारं उपकरण) ४० ला उचलणार. ओल्या काळ्या रानात पडलेल्या तारेला फीडर झटकन ट्रिप व्हायचा. मुरमावरची मात्र तशीच जिवंत पडून राहायची, आणि सबस्टेशनला ते कळायचं एखाद्या शेतकऱ्याच्या फोनवरून.