पवई की पुणे?

प्रश्न: लातूरला दोन वर्षं क्लास केला. आता पवईला आयआयटीत मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र, मिळतंय, आणि राज्याच्या सीईटीच्या पर्सेंटाइलवर पुण्यात सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजला कॉम्प्युटर मिळेल असं सगळे म्हणतात. बाबांच्या मते आयआयटी सोडणं म्हणजे दारात आलेली लक्ष्मी परत पाठवणं. मला तिथल्या ताणाची भीती वाटते. पलंगाखालचे जेईईचे गठ्ठे दिसले तरी पोटात गोळा येतो. शाळेत असताना गावच्या वाचनालयासाठी पुस्तकांच्या नोंदीचा प्रोग्राम केला होता, तेव्हा किती मजा यायची! मी कुठे आनंदात राहीन?
– दमलेली, बार्शी

उत्तर: अगं, तो पोटातला गोळा पवईचा नाही, लातूरचा आहे. दोन वर्षं टेस्ट आणि रँक, रँक आणि टेस्ट. असा जीव शिणलेला असताना कुठलंही कॉलेज डोंगराएवढंच दिसणार. आधी आठवडाभर झोप काढ.

ताण दोन्हीकडे आहे. सीओईपी १८५४ पासून पोरांची झोप उडवतंय, तिथे कुणी नदीकाठी वारा खायला जात नाही. पवईत बऱ्याच विषयांची ग्रेड इतरांच्या तुलनेत ठरते, आणि इतर म्हणजे आपापल्या शाळेतले पहिलेच. त्यातल्या निम्म्यांना निम्म्याच्या खाली यावंच लागतं.

मी हॉस्टेलला होते तेव्हा माझ्या रूममेटला पहिल्याच परीक्षेत तीसपैकी अकरा पडले. जिल्ह्यात पहिली आलेली पोरगी. मेसच्या ताटातल्या वरणावर साय धरली तरी ती बसूनच. घरी तिनं कळवलं नाही. शेजारच्या खोलीतली सीनियर आली, ‘मला नऊ होते’ म्हणाली आणि पेपर घेऊन बसली. म्हणून दोन्हीकडच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना पॅकेज विचारू नकोस. विचार, नापास झालीस तेव्हा पहिल्यांदा कुणाला सांगितलंस? पवईत नव्या मुलांना सीनियर मेंटॉर देतात. तो खरंच फोन उचलतो का, तेही विचार.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. त्या प्रोग्रामबद्दल तू किती हरखून लिहिलंस, आणि धातूंबद्दल अवाक्षर नाही. पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलण्याची सोय मुंबईसह बऱ्याच आयआयटींनी बंद केली आहे. त्या एका जागेसाठी पोरं वर्षभर ग्रेडमागे धावून पिचायची, हेच कारण. म्हणजे मेटलर्जी घेतलीस तर चार वर्षं मेटलर्जी. विषय सुंदर आहे, अभ्यासक्रम उघडून बघ. तरीही मन कोडिंगकडेच ओढत असेल तर माझं मत पुण्याला. नावडत्या विषयाची रात्र फार मोठी असते गं.

बाबांना मात्र नावं ठेवू नकोस. जोसाच्या, म्हणजे आयआयटी प्रवेशाच्या फेऱ्यांत पवईचं उत्तर आधी द्यावं लागतं; कॅपची, म्हणजे सीईटीवरच्या राज्यातल्या प्रवेशाची यादी मागून लागते. हातचं सोडून पळत्याच्या पाठी, हीच त्यांची धास्ती. ‘मिळेल असं सगळे म्हणतात’ यावर त्यांनी का विसंबावं? सीईटी सेलचे गेल्या वर्षीचे कटऑफ काढ, तुझ्या प्रवर्गाच्या ओळीवर बोट ठेव आणि मग बोल.

आणि ते गठ्ठे गल्लीतल्या एखाद्या अकरावीवाल्याला देऊन टाक. आजच.