निवृत्तीनंतरची वही

नुकतेच निवृत्त झालात ना, मग लगेच दिवस गच्च भरू नका. आधी जुन्या आठवणी वर येतील, येऊ द्या. म्हातारपणी मागे वळून बघणं ही भ्रमिष्टपणाची खूण नसून मनाचं स्वाभाविक काम आहे, हे मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्येच मांडलं होतं. रोज एकच प्रसंग वहीत उतरवा, पण संवादासकट: कोण काय बोललं, तुम्ही काय गिळलंत. सलणारे प्रसंग टाळावेसे वाटतील. खरं काम तिथेच असतं. मात्र तेच ते उगाळून झोप उडायला लागली, तर वही मिटा आणि जवळच्या कुणाशी तरी बोला. ध्यानबिन नंतर बघू. आणि हो, हातात एखादं कसब असेल तर ते तरुणांना शिकवा. न मागितलेला उपदेश तेवढा नको.