बगॅसपासून केलेल्या झायलिटॉलला दाणा का पडत नाही

तुमचा प्रॉब्लेम असा दिसतोय की बगॅसचं (उसाच्या चिपाडाचं) डायल्यूट ॲसिड हायड्रोलिसेट केलं, म्हणजे पातळ ॲसिडने त्यातली साखर सुटी करून घेतली, कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस या यीस्टने फर्मेंट केलं, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) झायलिटॉलचा, म्हणजे साखरेऐवजी वापरतात त्या गोड पदार्थाचा, पीक मस्त आलाय, पण रोटाव्हॅपवर (व्हॅक्यूममध्ये पाणी उडवणारं उपकरण) आटवलं की काकवीसारखा चिकट तपकिरी पाक होतो आणि फ्रीजमध्ये कितीही ठेवला तरी दाणा पडत नाही, मग आता क्रोमॅटोग्राफी (रेझिनच्या कॉलममधून सोडून घटक वेगळे करणं) लावायची का. माझं मत विचाराल तर अजून नको. कॉलम लावून रेझिन खराब करून घ्याल, कारण घाण मागच्या स्टेपमधून येतेय.

केमिकल रूटमध्ये झायलोज (ज्या साखरेपासून झायलिटॉल बनतं ती) आधीच शुद्ध करून घेतात आणि मग निकेल कॅटलिस्टवर हायड्रोजन देतात, म्हणजे साफसफाईचा खर्च सुरुवातीलाच होतो. फर्मेंटेशनमध्ये ती स्टेप वाचते म्हणून सगळे खूश असतात, पण तो खर्च वाचत नाही हो, नुसता पुढे सरकतो. २०२२ मध्ये आयआयटी गुवाहाटीच्या टीमने अल्ट्रासाउंड वापरून ४८ तासांचं फर्मेंटेशन १५ तासांवर आणलं, काम भारीच आहे, पण तुमची गाडी अडलीय ती त्याच्या पुढच्या स्टेशनवर.

आधी रंगाचं बघू. झायलिटॉल स्वतः तपकिरी होत नाही, त्याच्यात अल्डिहाइड ग्रुपच नाही. रंग येतो लिग्निनमधून आलेल्या फिनॉलिक्समुळे, आणि उरलेला झायलोज यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधल्या अमिनो ॲसिडबरोबर तापला की त्याच्यामुळे, झायलोजसारख्या पेंटोज (पाच कार्बनच्या) शुगर तर ग्लुकोजपेक्षाही लवकर काळवंडतात. म्हणून झायलोज जवळपास संपेपर्यंत फर्मेंटेशन चालू द्या, पण संपल्यावर लगेच थांबवा, नाहीतर यीस्ट उपाशी राहिलं की झायलिटॉलच खायला लागतं. हायड्रोलिसेटला फर्मेंटेशनच्या आधी एकदा ॲक्टिव्हेटेड चारकोल दिला तर फरफ्युरल (ॲसिडमध्ये साखर बिघडून होणारा, यीस्टला त्रास देणारा पदार्थ) आणि फिनॉलिक्स तिथेच बरेच कमी होतात, यीस्टही नीट चालतं. मग सेल सेंट्रिफ्यूज करून काढले की परत एकदा चारकोल, पण हात राखून, चारकोल झायलिटॉलही थोडं धरून ठेवतो. दर वेळी आधीचं आणि नंतरचं सॅम्पल काढून ठेवा, माल कुठे गेला ते कळायला पाहिजे.

मीठ हा दुसरा भाग, आणि लोक इथे फार घाई करतात. सल्फ्युरिक ॲसिड कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) न्यूट्रल केलं असेल तर सगळं सोडियम सल्फेट पाकातच राहतं आणि आटवलं की तेही घट्ट होत जातं. चुन्याने केलं तर जिप्सम खाली बसतं, गाळून टाकता येतं, तरी लिटरला साधारण २ ग्रॅम विरघळलेलं राहतंच आणि आटवताना ते भांड्याला पापडी धरतं. उरलेल्यासाठी आयन एक्स्चेंज (मिठाचे आयन धरून ठेवणारं रेझिन), आधी हायड्रोजन फॉर्मचं कॅटायन रेझिन आणि मग ॲनायन. उलटा क्रम लावला तर पीएच चढून कॅल्शियम मॅग्नेशियम कॉलममध्येच जमतं. ॲनायन शक्यतो वीक बेस घ्या, स्ट्राँग बेसवर उरलेल्या शुगर परत रंग सोडतात.

आता मुख्य संशयित, अरॅबिटॉल. बगॅसच्या हेमिसेल्युलोजमध्ये (ज्या भागातून झायलोज निघतो त्यात) थोडा अरॅबिनोज, म्हणजे आणखी एक साखर, असतोच, यीस्ट त्यातल्या काहीचं अरॅबिटॉल करतं, आणि ते झायलिटॉलचंच भावंड, फॉर्म्युला तोच, नुसती एका ओएचची दिशा वेगळी. चारकोल आणि रेझिनला फरक कळत नाही, आणि हायड्रोजन फॉर्मच्या ऑरगॅनिक ॲसिड कॉलमवर दोन्ही पीक जवळजवळ एकावर एक येतात. म्हणजे तुमचा तो मस्त पीक सगळा झायलिटॉलचाच आहे याची गॅरंटी नाही. कॅल्शियम किंवा लेड फॉर्मच्या कॉलमवर एकदा चेक करून घ्या. अरॅबिटॉल खरंच जास्त निघालं तर मात्र क्रोमॅटोग्राफीचा विचार करा, तोही कॅल्शियम रेझिनवर.

आणि पाक पुरेसा घट्ट आहे का? झायलिटॉल पाण्यात बेफाम विरघळतं, २० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात १६० ग्रॅमच्या वर, म्हणजे ६० ब्रिक्सवर (पाकात विरघळलेल्या मालाचे साधारण टक्के) थांबून फ्रीजमध्ये वाट बघण्यात फार अर्थ नाही. ब्रिक्स मीटर तर मीठ, ग्लिसरॉल सगळंच मोजतो, त्याच्या भरवशावर राहू नका. व्हॅक्यूममध्ये ६० अंशाच्या आत ठेवून ७५-८० टक्क्यांपर्यंत न्या, थोडं गार झाल्यावर विकतच्या शुद्ध झायलिटॉलची बारीक पूड चिमूटभर टाका (साखर कारखान्यात पॅनवाले सीड देतात ना, तेच), आणि हळू हळू थंड करा, मंद ढवळत. एकदम फ्रीजमध्ये टाकलं की पाक इतका घट्ट होतो की रेणू हलतच नाहीत, दाणा कुठून पडणार. इथेनॉल घालूनही दाणा पाडता येतो कारण त्यात झायलिटॉल फार कमी विरघळतं, पण गाळ दिसला की लगेच खूश होऊ नका, प्रोटीन आणि पॉलिसॅकराइडही त्यातच खाली बसतात.

क्रिस्टल आले की गार इथेनॉलने पटकन धुवा, सुकवा आणि मेल्टिंग पॉइंट घ्या. ९२ ते ९६ मध्ये आला तर ठीक, खाली आला तर परत विरघळवून रिक्रिस्टलाइज करा. खाली राहिलेला पाक फेकू नका, त्यात अजून बरंच झायलिटॉल असतं, पण पुढच्या बॅचमध्ये सारखा सारखा मिसळलात तर अरॅबिटॉल साठत जाईल, एक-दोनदा फिरवून काढून टाका. आणि घरी कुत्रं असेल तर सॅम्पल घरी नेऊ नका, त्यांना झायलिटॉल विषारी असतं.