रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग छाती का धडधडते?

"मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग मला होतंय काय?" समुपदेशक म्हणून समोरच्या खुर्चीतून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच घेतलं. त्यातल्या एकांची ही गोष्ट. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

वय चाळिशीच्या आत, बँकेत कॅश काउंटरवर. सोबत जाडजूड फाइल: तीन ईसीजी, टू-डी इको, ट्रेडमिल टेस्ट, थायरॉइड. दोनदा मध्यरात्री रिक्षा करून कॅज्युअल्टी गाठलेली. दर वेळी उत्तर एकच, "टेन्शन घेऊ नका." बोलताना दोन बोटं सारखी मनगटावर, नाडीशी.

"म्हणजे मी नाटक करतोय का?"

"मुळीच नाही. धडधड खरीच आहे."

तेव्हा कुठे ते खुर्चीला टेकले.

पूर्वी मीही 'रिपोर्ट चांगले आहेत ना, मग सोडा' म्हणायचे. चुकायचे. शरीरात खरोखर काहीतरी घडत असतं, आणि त्यात मोठा वाटा नॉरअ‍ॅड्रेनलिनचा. काही मज्जातंतू याच रसायनातून निरोप देतात, हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी 1946 मध्ये दाखवलं; 1970 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. हा रसायन-गडी दोन नोकऱ्या करतो. मेंदूच्या देठातल्या एका इवल्याशा निळसर ठिपक्यातून मेंदूभर 'सावध' अशी हाळी देतो, आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिनच्या जोडीने रक्तातही उतरतो. मग हृदय जोरात, कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळल्यामुळे हात गार, आतडी थबकल्यामुळे पोटात गोळा.

हे सगळं सांगून झालं. त्यांनी मान डोलावली, बोटं मात्र नाडीवरच. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "असंच कधी दुसऱ्या कशाने झालंय?"

"घाटात एकदा. वळणावर ट्रक अंगावर आला. बाइक कडेला घेतली तर हात बर्फ, छाती ही अशी!"

"तेव्हा हार्ट अटॅक वाटला?"

"छे. ट्रक दिसला होता ना."

आणि ते थांबले. बराच वेळ. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला वीस वर्षांत जमायला लागलंय. मग हळूच म्हणाले, "काउंटरवर ट्रक दिसत नाही. म्हणून मी तो छातीत शोधतो."

मी विवेकनिष्ठ विचारसरणीतली. घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ छळतो, हे मी कितीदा शिकवलंय. इतकं नेमकं मलाही सांगता आलं नव्हतं. रक्तातलं हे रसायन काही मिनिटांत ओसरतं. 'आता गेलो' या विचारासरशी नवा हप्ता येतो. नाडी मोजली की आणखी एक.

म्हणून धडधडलं की नाडी सोडा, जागा सोडू नका. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्या. कडक चहा-कॉफी कमी करा. कॅफीन त्याच आगीत तेल ओततं. मात्र तपासणी आधी, समुपदेशन नंतर, हा क्रम उलटवू नका. चालताना छाती भरून येत असेल, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर माझ्याकडे नाही, तडक हॉस्पिटलात. आणि मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी दिली तर लाजू नका. काही गोळ्या याच रसायनावर काम करतात.

गेल्या महिन्यात त्यांना दोनदा धडधडलं. एकदा उठून बाहेर गेले. दुसऱ्यांदा रांग संपेपर्यंत नोटा मोजत बसले.

"एक बंडल दोनदा मोजावं लागलं, मॅडम."