वाचक विचारतात: नऊ दिवसांत अख्खं आयर्लंड बसतं का हो?

प्रश्न: नमस्कार. जूनमध्ये आम्ही पाच जण आयर्लंडला जातोय. मी, मिसेस, आठ वर्षांचा मुलगा आणि आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या पुढचे. डब्लिनला गाडी घ्यायची, मग कॉर्क, किलार्नी, रिंग ऑफ केरी, डिंगल, क्लिफ्स ऑफ मोहर, गॉलवे, कनेमारा, वर डोनेगल आणि बेलफास्टवरून परत डब्लिन असा गोल मारायचा विचार आहे. हातात नऊ दिवस. मॅपवर रोजचे चार-साडेचार तासच दिसतात आणि आम्ही ठाणे-गोवा एका दमात मारणारी माणसं आहोत, तर जमेल ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: जमेल की. गोल पूर्ण होईल, फक्त परत आल्यावर आई-बाबांना काय पाहिलं म्हणून विचारलंत तर ते डॅशबोर्ड सांगतील.

मी लिमरिकला सहा वर्षं काढली आणि तेवढ्या काळात घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने हाच गोल कागदावर काढून आणला होता. मॅपवरचे चार तास खरे असतात ते मोटरवेवर. केरीतल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाडीला टेकेल अशी झुडपं, त्यांच्या आत दगडी बांध, समोरून ट्रॅक्टर आला की कोणीतरी एकाने रिव्हर्स घ्यायचा, आणि मध्येच मेंढ्या बसलेल्या, त्या हॉर्नला दाद देत नाहीत (आणि तिकडे हॉर्न वाजवतही नाहीत). त्यात जिथे वळाल तिथे थांबावंसं वाटतं, आणि थांबायचं नसेल तर गेलात कशाला? मॅप जे सांगेल त्याच्या दीडपट धरा.

म्हणून आधी डोनेगल आणि बेलफास्टवर काट मारा. बेलफास्ट यूकेत येतं आणि आयर्लंडचा व्हिसा तिथे आपोआप चालत नाही, त्यावर ब्रिटिश-आयरिश स्कीमचा शिक्का असला तरच चालतो. सीमेवर ना फाटक ना पोलिस, वेगाच्या पाट्या किलोमीटरच्या मैलात बदलल्या की समजायचं पलीकडे आलो, त्यामुळे लोक नकळत जातात आणि नंतर घाबरतात. आणि हो, आयर्लंड शेंगेनमध्ये (युरोपातल्या ज्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा चालतो तो गट) नाही, तो व्हिसा असला तरी इथला वेगळाच काढावा लागतो.

उरलेल्यात दोनच मुक्काम करा. किलार्नीला चार रात्री, गॉलवेला तीन, शेवटची डब्लिनला. रोज बॅगा भरणं-उतरवणं वाचलं की सत्तरीच्या माणसांचा अर्धा थकवा जातो.

किलार्नीचा एक पूर्ण दिवस नॅशनल पार्कलाच द्या. १९३२ सालचं, देशातलं पहिलं. मकरॉस हाऊस या जुन्या वाड्याच्या आवारात टांगे मिळतात, आई-बाबांना त्यात बसवा. लेडीज व्ह्यू हा पॉइंट तर गाडीतून उतरलं की समोरच. रिंग ऑफ केरी हा गोल रस्ता १७९ किलोमीटरचा आहे, टूरच्या बसा घड्याळाच्या उलट दिशेने जातात, तुम्ही पण त्याच दिशेने पण त्या निघायच्या आत निघा, म्हणजे बसच्या मागेही नाही आणि अरुंद वळणावर बसच्या समोरही नाही. वॉटरव्हिलला चॅप्लिनचा पुतळा आहे, तो सुट्टीला तिथे यायचा, मुलाचा फोटो होऊन जाईल. स्केलिग मायकल हे बेट मात्र सोडा. समुद्रात बारा किलोमीटर आत, वर चढायला ६१८ दगडी पायऱ्या आणि कठडा नाही, आई-बाबांना घेऊन तो विचारही नको. किनाऱ्यावरूनच गप्पा मारत बघा.

आणि दोन्हीतलं एकच करायचं झालं तर मी रिंग सोडून डिंगल घेईन, डोळे झाकून. तिथला स्ले हेडचा रस्ता घड्याळाच्या दिशेने घ्यायचा, सगळे तसेच जातात. खाली समुद्रात ब्लास्केट बेटं दिसतात, तिथली शेवटची माणसं १९५३ साली सरकारने मुख्य भूमीवर आणली. इथे पाट्या आयरिश भाषेत आहेत, डिंगलसाठी पाटीवर डँगन (Daingean) हा शब्द शोधायचा, नाहीतर गावातून जाऊनही गाव सापडत नाही. आयरिशमध्ये रस्त्याला बोहर म्हणतात, म्हणजे मुळात गाईची वाट, आणि त्यातला ‘बो’ हा आपल्या संस्कृत ‘गो’चाच लांबचा भाऊ. तिथल्या मेंढपाळाला हे सांगितलं तर त्याने मला चहा पाजला होता.

किलार्नीहून गॉलवेला जाताना लिमरिककडून फिरून येऊ नका (माझंच गाव, तरी सांगतो). टार्बर्टला गाडीसकट फेरीत चढायचं, वीस मिनिटांत शॅनन नदी ओलांडून क्लेअर जिल्ह्यात. तिथून त्याच दिवशी मोहरचे कडे, २१४ मीटर उंच, संध्याकाळी जा. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो आणि सहानंतर गर्दी निम्मी. पाऊस आपल्यासारखा धो-धो नाही, बारीक आणि आडवा. छत्री उलटते, रेनकोटच न्या.

गॉलवेहून एक दिवस कनेमारा, एक दिवस काहीही नाही. हा काहीही नाहीचा दिवस प्लॅनमधून कोणीही उडवायचा नाही.

प्रश्न: गाडी भाड्याने घेताना काय बघायचं? इंडियन लायसन्स चालतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: टुरिस्ट म्हणून चालतं, तरी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा, काही कंपन्या मागतात. डावीकडूनच चालवायचं, तो आपला फायदा. ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच बुक करा, जूनमध्ये उरत नाही. पाच जण म्हणून थेट सेव्हन सीटर घेऊ नका, रस्त्याची रुंदी आठवा. दीडशे सेंटीमीटरच्या आतल्या मुलाला बूस्टर सीट कायद्याने लागते. एक्सेस (गाडीचं नुकसान झालं तर आपण भरायचा वाटा) म्हणून क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम ब्लॉक करतात, माझ्या पाहुण्यांचं कार्ड काउंटरवर चाललंच नव्हतं आणि आम्ही तीन तास एअरपोर्टवर सँडविच खात बसलो होतो. गाडीचा व्हिडिओ काढा, खास करून आरसे, झुडपं आरशांनाच घासतात. पंपावर हिरवं नोझल पेट्रोलचं, काळं डिझेलचं. डब्लिनच्या एम-५० मोटरवेवर टोलनाका नाही, कॅमेरा आहे, दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन पैसे भरायचे. गावाकडच्या छोट्या रस्त्यांची मर्यादा २०२५ पासून ८० ऐवजी ६० आहे. समोरच्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं तर तो नमस्कार असतो, तुम्हीही उचला.

प्रश्न: कनिष्क विमानाचं स्मारक तिकडेच आहे ना? आमचे एक परिचित त्यात गेले.
– एक वाचक, पुणे

उत्तर: हो, वेस्ट कॉर्कमध्ये अहाकिस्टा नावाच्या खेड्यात, समुद्राकडे तोंड करून. एअर इंडियाचं ते विमान बॉम्बस्फोटात आयर्लंडजवळ समुद्रात पडलं, २३ जून १९८५, ३२९ माणसं गेली. दरवर्षी त्या तारखेला सकाळी नातेवाईक आणि गावकरी जमतात. किलार्नीहून जाऊन येता येतं, पण दिवस त्यालाच ठेवा, बाकी काही जोडू नका.

प्रश्न: सासूबाई शाकाहारी आहेत, इथून काय काय न्यावं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: चकली, चिवडा, चटण्या, थालीपीठाची भाजणी न्या. पेढे, बर्फी, तूप नको, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, ताजा कढीपत्ताही नको. तिथे भाजीचं सूप मागवताना चिकनच्या पाण्यात केलंय का विचारा. किचन असलेलं घर घ्या आणि पहिल्याच दिवशी केरीचं लोणी आणून कढवा, सासूबाई खूश. फक्त बिनमिठाचं बघून घ्या, माझ्या आईने पहिल्यांदा खारट तूप कढवलं होतं आणि आठवडाभर ते वरणभातावर वाढलंही होतं.