श्रीलंकेत चीवर घ्यायला यायचं म्हणतोस, तर आधी हे वाच

आयुष्मान, मंगल हो.

तू वसमतहून लिहिलंस. बी.ए.चं दुसरं वर्ष, वय वीसच्या उंबरठ्यावर. श्रीलंकेत येऊन चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, घ्यायचं, पाली शिकायची आणि धम्मदूत होऊन परत आपल्या मराठवाड्यात काम करायचं, असा तुझा विचार आहे. घरी सांगितलं तर वडील सोडणार नाहीत, म्हणून टुरिस्ट व्हिसावर निघून यावं का, असं विचारलंस. मी परभणी जिल्ह्यातला, काही वर्षांपासून कोलंबोजवळच्या केलानियाजवळ एका विहारात राहून शिकतोय. मला जे माहीत आहे ते सगळं सांगतो.

घरी न सांगता येऊ नकोस. व्हिसाचं नंतर बघू, आधी विनय, म्हणजे भिक्खूंचे नियम, काय म्हणतो ते ऐक. उपसंपदेच्या, म्हणजे पूर्ण भिक्खू होण्याच्या, वेळी संघ तुला एकेक प्रश्न विचारतो. पाच रोगांबद्दल विचारून झालं की पुढचे प्रश्न येतात: मनुष्य आहेस का, पुरुष आहेस का, स्वतंत्र आहेस का, ऋणमुक्त आहेस का, राजाच्या नोकरीत तर नाहीस, आईवडिलांची परवानगी आहे का, वीस वर्षं पूर्ण झाली का, पात्र-चीवर आहे का. पाली मंत्र म्हणून पाठ करून उत्तरं देता येतात, पण ती खरी असावी लागतात. परवानगीचा नियम कुठून आला, तेही लक्षात घे. भगवंतांच्या मुलाला, राहुलला, प्रव्रज्या म्हणजे घर सोडण्याची दीक्षा दिली तेव्हा त्याच्या आजोबांच्या, शुद्धोदनाच्या काळजाला घरं पडली. त्यानं विनंती केली आणि भगवंतांनी नियम घालून दिला, आईबापांना विचारल्याशिवाय कुणाला प्रव्रज्या द्यायची नाही. म्हणजे श्रामणेर, शिकाऊ भिक्खू, व्हायलासुद्धा परवानगी लागते.

ऋणाचंही तसंच. वडिलांच्या नावावरचं पीककर्ज हे तुझं ऋण नाही, पण मोबाईल हप्त्यावर घेतलास असं तूच लिहिलंयस. तो हप्ता फेडून ये. आणि घरी स्पष्ट सांग की इथून पैसे पाठवता येणार नाहीत. आपल्याकडं पोरगा परदेशात गेला म्हटलं की गावभर कमाईची चर्चा सुरू होते. भिक्खूला कमाई नसते. सोयाबीनचा भाव पडला, बहिणीचं लग्न ठरलं, तरी तुझ्या हातात द्यायला काही नसेल. एक गोष्ट माझ्या मायला फार जड गेली, ती तुझ्या मायलाही आधीच सांगून ठेव. चीवर घातल्यावर ती तुला वाकून वंदन करील आणि तुला तिच्या पाया पडता येणार नाही.

व्हिसाचं थोडक्यात. टुरिस्ट म्हणून येऊन शिकत राहणं बेकायदा आहे. आधी एखाद्या विहाराशी पत्रव्यवहार कर. त्यांनी स्वीकारलं की त्यांच्या शिफारशीसह निवासी व्हिसासाठी अर्ज करता येतो आणि मिळालेला व्हिसा मुदत संपण्याआधी वाढवून घ्यावा लागतो. इमिग्रेशनचं मुख्य कार्यालय कोलंबोजवळ बत्तरमुल्लाला आहे. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं असू दे. टी.सी.वर एक आणि आधारवर दुसरं, ही आपल्याकडची नेहमीची भानगड, ती गावातच निस्तरून घे.

आता इथला दिवस. पहाटे उठून बोधिवृक्षाखालचं अंगण झाडायचं. अंगणात वाळू असते. नारळाच्या हिरांचा लांब खराटा घेऊन मागं सरकत झाडायचं, म्हणजे आपल्याच पावलांचे ठसे पुसले जातात आणि वाळूवर सरळ रेघा उमटतात. मला वर्षभर हेच मुख्य काम होतं, आणि मन बसायला त्याचा खूप उपयोग झाला. मग वंदना, मग न्याहारी. दुपारचं भोजन बारा वाजायच्या आत. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही. संध्याकाळी बिनदुधाचा चहा आणि गुळाचा खडा. दान गावातली घरं पाळीपाळीनं आणतात. भात, परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातलं वरण, खोबऱ्याचा तिखट सांबोल, बऱ्याचदा मासे. भाकरीची आठवण येते, खोटं कशाला सांगू. पण 2022 च्या टंचाईत गॅससाठी रांगा लागल्या होत्या, तेव्हासुद्धा माणसं चुलीवर शिजवून दान घेऊन येत. त्या अन्नासमोर तक्रार सुचत नाही.

हवा दमट आहे. परभणीचं ऊन सोसलेल्या माणसालाही पहिले महिने चीवर अंगाला चिकटतं, धुतलेलं लवकर वाळत नाही.

शिक्षणाची परंपरा मोठी आहे. माळिगाकंदचं विद्योदय परिवेण (भिक्खूंची पाठशाळा) 1873 चं, पेलियागोडाचं विद्यालंकार 1875 चं. धर्मानंद कोसंबी विद्योदयात शिकले, राहुल सांकृत्यायन विद्यालंकारात. 1959 मध्ये या दोन्हींची विद्यापीठं झाली, त्यातलं विद्यालंकार म्हणजे आजचं केलानिया. होमागमला बौद्ध आणि पाली विद्यापीठ आहे. पण परिवेणात पाली सिंहली लिपीत शिकवतात, म्हणून ती लिपी वसमतला बसूनच शिकून घे. मला इथं येऊन शिकताना पहिलं वर्ष मागं राहावं लागलं.

एक गोष्ट तुला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. जात इथंही आहे. 1753 मध्ये सयामहून, म्हणजे आजच्या थायलंडहून, आलेल्या उपाली थेरांनी इथं उपसंपदा पुन्हा सुरू केली, त्यातून सियाम निकाय, म्हणजे भिक्खूंचा पंथ, झाला. पुढं त्यात गोविगम या वरच्या मानलेल्या जातीपुरतीच उपसंपदा राहिली. ज्यांना नाकारलं ते ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेऊन आले, तोच 1803 चा अमरपुर निकाय. बाबासाहेबांचं नाव घेऊन येणाऱ्या पोराला हे कळतं तेव्हा आत तुटतं. मी कित्येक रात्री या विचारानं झोपलो नाही. माझं मत विचारशील तर ये, पण कोणत्या निकायात दीक्षा घेतोस ते विचारून घे आणि डोळे उघडे ठेवून शिक. पाली, विनय, अट्ठकथा (धम्मग्रंथांवरची जुनी भाष्यं) यांचं इतकं जिवंत शिक्षण आपल्या जिल्ह्यांत अजून उभं राहिलेलं नाही. ते उभं करायचं तर कुणीतरी आधी शिकायला हवं.

तुझ्या आतेबहिणीला भिक्खुणी होता येईल का, तेही विचारलंस. 1998 मध्ये दंबुल्लाला भिक्खुणी उपसंपदा पुन्हा सुरू झाली. सगळे निकाय ती मानत नाहीत, पण भिक्खुणी आहेत, शिकतात, शिकवतात. तिनं तिथल्या आरामाशी, म्हणजे भिक्खुणींच्या विहाराशी, स्वतः पत्रव्यवहार करावा.

घाई करू नकोस. बी.ए. पूर्ण कर. या वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, जवळच्या विहारात दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर कर. तेवढ्यानं भागत नाही, म्हणून शिबिरानंतरही तिथल्या भंतेजींजवळ दोन-तीन महिने राहा. बारानंतर उपाशी राहणं, मोबाईल बाजूला ठेवणं, कुणीही सांगितलेलं काम मुकाट्यानं करणं जमतंय का ते बघ. मग वडिलांना घेऊन बस. ते चिडले तर चिडू दे, पुन्हा बस. हवं तर माझा फोन लावून दे, मी त्यांच्याशी बोलेन, माझे वडीलही तसेच होते. ते हो म्हणाले की मला लिही, मी आमच्या नायक थेरांकडं, विहारातल्या प्रमुख भंतेजींकडं, तुझा विषय काढतो.